टिटवी सिस्टर

"होईल सगळं ठीक" हे वाक्य सिस्टरांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हे वाक्य दिवसभर गोळ्यांसारखं वाटलं जायचं. डॉक्टर म्हणायचे, वॉर्डबॉय म्हणायचा, रक्त-लघवी तपासणारा मीसुद्धा खिडकीतून कागद सरकवताना म्हणायचो. सिस्टर मात्र पेशंटच्या माणसाला जिन्याखाली न्यायच्या आणि सांगायच्या, "बाई, हा आता वाचत नाही. काय खायाचं म्हनते ते खाऊ घाल. कोनाशी बोलायाचं असन तं बोलावून घे." बाई मटकन खाली बसायची. सिस्टर तिला पाणी आणून द्यायच्या, पण बोललेला शब्द परत घ्यायच्या नाहीत.

म्हणून गावानं त्यांचं नाव टिटवी ठेवलं. टिटवी घरावरून ओरडत गेली की त्या घरातलं माणूस जातं, असं आमच्याकडे मानतात. त्यात सिस्टरांना पाखरं पाहायचा नाद, म्हणजे नाव आयतंच चिकटलं. पिंपळगाव राजाच्या एका म्हातारीनं तर भर वॉर्डात "तुह्या तोंडात किडे पडो" म्हणून त्यांना शिव्याशाप दिले होते. सिस्टर तिच्या लेकाचं सलाईन नीट करत म्हणाल्या, "पडतीन माय, पडतीन. कोनाच्या पडत नाहीत?" नावाचं त्यांना काही वाटायचं नाही. मला एकदा म्हणाल्या, "टिटवी कोनाले मारत नाही बे. ते नुसती वरडते. मारनारं येगळंच असते."

त्या कधी चुकल्याच नाहीत असं नाही. वडनेर भोलजीच्या, म्हणजे त्यांच्या माहेरच्याच एका म्हाताऱ्याचा त्यांनी निकाल लावून टाकला होता. म्हातारा बरा होऊन चालत घरी गेला. नंतर वर्षानुवर्षं तो बाजारात सिस्टर दिसल्या की मुद्दाम आडवा यायचा आणि टोपी काढून म्हणायचा, "सिस्टर, मी अजून हाय!" सिस्टर भाजी निवडत शांतपणे म्हणायच्या, "हाव बाबा, चुकली मी. पन लई दिवस नाही चुकनार." म्हातारा खदखदून हसायचा.

सिस्टर माणसांना नावानं हाक मारत नसत, खात्यानं मारत. क्ष-किरणवाला 'एक्सरे', केसपेपरवाली 'खिडकी', मी 'लॅब'. "ए लॅब, रविवारी काय करतं? बायकोचं डोकं खातं? त्यापेक्षा धरनावर चाल." असं माझं पक्षिनिरीक्षण सुरू झालं. समुद्र आमच्यापासून कोसच्या कोस लांब. हिवाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं आणि जो काळाभोर गाळ उघडा पडतो, तीच आमची खाडी. तिथं उत्तरेकडून आलेली पाखरं चिखलात चोची खुपसत हिंडतात: तुताऱ्या, चिखले, लांब तांबड्या पायांचे शेकाटे. पलीकडच्या टेकडीपासून राखीव जंगल लागतं. सकाळी गाळ आणि ऊन चढलं की जंगल, असा सिस्टरांचा राउंड ठरलेला होता.

पहिल्याच दिवशी मी मेव्हण्यानं दिलेला कॅमेरा गळ्यात अडकवून आणि पिवळाधमक शर्ट घालून गेलो. सिस्टरांनी मला खालीवर न्याहाळलं. "हळदीले चालला का?" एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळानं फोटोच्या नादात मी ओल्या गाळात शिरलो आणि मांडीपर्यंत रुतलो. ओरडलो, "सिस्टर, फसलो! ओढा ना!" त्यांनी दुर्बीण डोळ्यावरून काढलीसुद्धा नाही. "हालू नको बे. पानटिवळा हाय समोर. हाललास तं उडन." पाणटिवळ्यानं पोटभर खाल्लं, पंख झटकले, आपल्या मर्जीनं उडाला. तोवर मी कमरेपर्यंत रुतलो होतो. मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. "आता आडवा हो. म्हशीवानी लोळत ये. उभा राह्यलास तं तठीच राहशीन." मी लोळत बाहेर आलो. बायकोनं मला दारातच उभं करून बादल्या ओतल्या आणि पुन्हा त्या बाईबरोबर जायचं नाही म्हणून बजावलं. पुढच्या रविवारी मी गेलोच. मला सिस्टरांची भीती वाटायची आणि सिस्टर मला फार आवडायच्या. दोन्ही एकदमच होतं, आणि अजून आहे.

त्यांच्या अंगावर कायम एक मातकट रंगाची बंडी असायची, साडीवरून घातलेली, खिसेच खिसे असलेली. तिची गोष्ट सांगायलाच हवी. सिस्टरांचे मिस्टर शिंपी होते. गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मास्तरांचं यकृत बिघडलं आणि ते सिस्टरांच्याच वॉर्डात दाखल झाले. एके सकाळी त्यांनी बायकोला विचारलं, "वाचीन का ओ मी?" सिस्टर म्हणाल्या, "नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण त्या वेळी मास्तरांच्या दंडाला रबर बांधून मी शीर शोधत होतो. मास्तर म्हणाले, "मंग घरी ने. लोकाइचे कपडे पडले."

गाव म्हणालं, या बाईनं नवऱ्यालाही सोडलं नाही. पण मास्तर घरी गेले आणि मशीनवर बसले. बसवेना तेव्हा मागे उशा लावून बसले. गिऱ्हाइकांचे सगळे कपडे शिवून झाले आणि उरलेल्या दिवसांत त्यांनी ही बंडी शिवली. एक खिसा दुर्बिणीचा, एक फुटाण्यांचा, एक चष्म्याचा. डाव्या बाजूला आत एक लांबट खिसा होता, तो कशाचा ते सिस्टरांना कळेना. त्यांनी विचारलं तर मास्तर म्हणाले, "असू दे. लागन कशाले तरी." तो खिसा त्यांनी रिकामाच ठेवला. कुणी मास्तरांच्या त्या सकाळचा विषय काढला की त्या बंडी चिमटीत धरून दाखवायच्या. "खोटं बोलली असती तं हे झाली असती का?" प्रश्न कठोर होता, आणि त्या तो हसत विचारायच्या.

पाखरांच्या बाबतीत त्यांचा एकच कायदा होता: हात लावायचा नाही. जंगलात एकदा बुलडाण्याहून आलेली चार-पाच शहाणी माणसं आमच्याबरोबर होती. पळसाच्या झाडावर सातभाईंचं घरटं होतं. आमच्या डोळ्यांदेखत शिक्रा आला आणि त्यातलं पिल्लू उचलून समोरच्या फांदीवर बसून फाडू लागला. एक बाई रडायला लागल्या, "काहीतरी करा हो, दगड मारा!" सिस्टरांनी त्यांचा हात धरला. "त्याची पोरं उपाशी मारू का? ते बी घरी वाट पाहून राह्यले." बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. सिस्टरांनी शिक्रा शेवटपर्यंत पाहिला आणि मग फुटाणे काढून सगळ्यांना वाटले. कुणी खाल्ले नाहीत, मी सोडून.

त्या कायद्याचं एक पोटकलम होतं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, खड्यांत, ढेकळांत. अंडी अशी मातीच्या रंगाची की पायाखाली आली तरी दिसू नयेत. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की समजायचं आपण फार जवळ आलो, मुकाट मागे फिरायचं. आणि खूण कधी करायची नाही. एका फोटोवाल्यानं परत येताना सापडावं म्हणून अंड्यांजवळ दगडावर दगड रचला होता. सिस्टरांनी लाथ मारून तो पाडला. "आपन खूण केली का कावळा वाचते ते. कावळ्याले का कमी समजतं बे तू?"

सिस्टर निवृत्त झाल्या त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या खिडकीशी आल्या आणि बंडीतून हात काढून दंड पुढे केला. "दम लागून राह्यला. अंगावर निळे डाग उठते. पाह्य बरं." मी रक्त घेतलं, काचपट्टी केली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि तसाच वाकून बसलो. मान वर करायची हिंमत होईना. शेवटी माझं दुसरं पेटंट वाक्य बाहेर पडलं, "डॉक्टरसाहेबांना दाखवून घेऊ, सिस्टर."

"मी का पेशंटची नातेवाईक हाय? सरक. पाहू दे."

त्यांनी डोळा लावला. दुर्बिणीला लावायच्या तसाच, जराही न हलता. जिथं थोड्याशा पांढऱ्या पेशी दिसायला हव्यात तिथं त्यांची रेटारेटी चालली होती. सिस्टर कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "बाप्पा!" त्या म्हणाल्या. "थवाच उतरला की बे." मग माझ्याकडे पाहिलं. "सांग."

मी म्हणालो, "हाव सिस्टर. हा थवा आता उठत नाही."

"शाबास," त्या म्हणाल्या. "अख्ख्या दवाखान्यात एक तरी शिकला." आणि बंडीत हात घालून निघून गेल्या. मी दरवाजा लावून घेतला आणि रडलो. बाहेर लोक खिडकी वाजवत होते, वाजवू दिली.

अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, रक्ताचा कॅन्सर. पुण्याला नोकरी करणारी मुलगी सुजाता न्यायला आली. सिस्टर म्हणाल्या, "पुन्यात येऊन कबुतरं पाहू का?" शेवटी सुजाताच रजा टाकून इथं राहिली. उन्हाळा लागला तसं धरण आटत गेलं. पाण्याची पाखरं उत्तरेकडे निघून गेली आणि तडकलेल्या गाळावर टिटव्यांनी अंडी घातली. सिस्टर रोज सकाळी सुजाताच्या स्कूटरवर मागे बसून तिथं जायच्या. एका रविवारी मला म्हणाल्या, "लॅब, आजवर मी दुर्मीळच पाखरांमागं फिरली. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघते तसंच चालते म्हनते, कापसाच्या बोंडाएवढं. नीट बसून कधी पाह्यलं नाही. हे पिल्लं पाह्यची मले. पाहू कोन आधी निघते, ते का मी." हसत म्हणाल्या, पण मला कळलं की या बाईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं.

आणि नेमके गाळ वाहणारे ट्रॅक्टर आले. आमच्याकडे उन्हाळ्यात धरणातला गाळ काढून शेतात टाकतात; त्यानं जमीन सुधारते, त्यात वाईट काही नाही. पण चाकं टिटव्यांच्या जागेवरूनच फिरू लागली. पहिल्याच दिवशी एक घरटं गेलं. सिस्टर ट्रॅक्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर त्यांच्याच हातांनी सुई टोचून घेतलेला. पटकन खाली उतरला. "सिस्टर, दिसतच नाही तं काय करू? खूण करून द्या, आमी वळून जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, आणल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला पांढऱ्या बँडेजची पट्टी बांधली. पट्ट्यांची गुंडाळी बंडीच्या त्या आतल्या खिशातून निघाली. "लागला पाह्य मास्तरचा खिसा," त्या म्हणाल्या. मला राहवेना. "सिस्टर, तुम्हीच म्हणता ना, खूण केली का कावळा वाचते?" त्यांनी हातातल्या पट्टीची गाठ आवळली. "ट्रॅक्टर तं नक्कीच मारते. कावळा कदाचित मारन. नक्कीपेक्षा कदाचित बरं." असं 'कदाचित' त्यांच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं. घरट्यापासून चार-पाच हातांवर त्यांनी एकेक काठी रोवली. डोक्यावर टिटव्या बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या आणि सिस्टर दम खात, घाम पुसत पुटपुटत होत्या, "हाव माय, चालली, चालली."

ड्रायव्हरनं शब्द पाळला. सगळे ट्रॅक्टर पट्ट्यांना वळसा घालून जाऊ लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत सिस्टरांनी अंथरूण धरलं आणि गाळाची खबर आणायचं काम माझ्याकडे आलं.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा कावळे गाळावर उतरले होते. उडत नव्हते, चालत होते. एका पांढऱ्या पट्टीकडून दुसऱ्या पट्टीकडे, वॉर्डात राउंड घ्यावा तसे, सावकाश. पट्टीजवळ थांबायचं, इकडेतिकडे बघायचं, वाकायचं. टिटव्या जीव तोडून त्यांच्यावर झेपा घालत होत्या. मी बोंब मारत धावलो, पण पाहण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पिवळ्या बलकानं माखलेली टरफलं होती. एका अंड्यातलं पिल्लू पुरतं झालेलं होतं, आज-उद्या निघालंच असतं. मी तसाच गावात परतलो.

सुजातानं मला दारातच गाठलं. माझ्या तोंडावरून तिला कळलं असावं. "काका, आईला काहीही सांगा, पण चांगलंच सांगा हं. प्लीज. ती सकाळपासून तेवढंच विचारतेय." मी मान हलवली. खरं सांगतो, मी चांगलंच सांगणार होतो. वाटेत पिल्लांची संख्यासुद्धा ठरवून टाकली होती.

सिस्टर खाटेवर अगदी लहान दिसत होत्या. एवढ्या उकाड्यातही पायांवर बंडी पसरली होती. डोळे मिटलेले होते, पण माझी चाहूल लागल्याबरोबर म्हणाल्या, "लॅब. सांग."

मागे सुजाता हात जोडून उभी होती. मी तोंड उघडलं. सिस्टरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मला मास्तरांच्या दंडावरचा तो रबर आठवला.

"खाल्ली, सिस्टर," मी म्हणालो. "कावळ्यांनी खाल्ली. पट्टी पाहून पाहून खाल्ली."

सुजाता "काका!" म्हणून किंचाळली. सिस्टरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांच्या पाठीवरून मला कळलं की त्या रडताहेत. मास्तर गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपण हे काय केलं. मरणाऱ्या बाईच्या पदरात शेवटची गोष्ट ही टाकली. जिच्याकडून शिकलो तिच्यावरच विद्या उलटवली. त्या क्षणी मला सिस्टरांचा, त्यांच्या कायद्यांचा आणि स्वतःचा मनस्वी राग आला.

मग भिंतीकडूनच आवाज आला. "सारीच?"

"एक राहिलं. जंगलाच्या बाजूचं. तिथवर ते पोचले नव्हते."

"काड्या उपटल्या?"

"नाही."

त्यांनी मान वळवली. डोळे ओले होते आणि नजर जुनीच होती, वॉर्डातली. "मंग अठी काय करून राह्यला बे? माह्यं तोंड पाहून राह्यला? जाय!"

मी भर उन्हात परत गेलो आणि सगळ्या काड्या उपटून काढल्या. ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवून बघत होता. मी म्हणालो, "बापू, आता खूण नाही. पण जंगलाच्या बाजूला एक घरटं आहे, सांभाळून." तो म्हणाला, "खुणेची काय गरज आता? चाकोऱ्या पडल्या ना. आता इकडं पाह्यलं नाही तरी चाक त्यातूनच जाते." मी खाली पाहिलं. प्रत्येक घरट्याला वळसा घालून चाकांच्या खोल, वाळलेल्या चाकोऱ्या पडलेल्या होत्या. पट्ट्यांचं काम केव्हाच संपलं होतं. हे मी सिस्टरांना सांगितलं असतं. त्यांनी विचारलं असतं तर नक्की सांगितलं असतं. पण मी परत गेलो तेव्हा त्या बोलण्यापलीकडे गेल्या होत्या.

दोन दिवसांनी सिस्टर गेल्या. बंडी सुजातानं त्यांच्या अंगावरच राहू दिली. त्रिसरण-पंचशील झालं आणि मग भाषणं झाली. ज्यांनी जन्मभर टिटवी म्हटलं ते एकेक उठून सिस्टर किती मायाळू, किती गोड बोलायच्या ते सांगू लागले. वडनेरचा तो म्हातारा काठी टेकत आला होता. तो नुसती टोपी काढून उभा राहिला. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "त्या गोड बोलत नव्हत्या. गोड बोलायला आपण होतोच." आणि खाली बसलो. लोकांना राग आला. सुजातानं मात्र त्या रविवारनंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळावर गेलो. जंगलाच्या बाजूच्या त्या जागेजवळ एक ढेकूळ हललं, मग दुसरं. बोंडाएवढी पिल्लं, काडीसारख्या पायांवर तुरुतुरु पळत होती. थोडं अलीकडे एक कावळा बसला होता, घाई नसल्यासारखा. सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, हात लावायचा नाही, त्याची पोरं बी वाट पाहून राह्यले. मला सगळं पाठ होतं. मी एक मोठं ढेकूळ उचललं आणि त्याला मारलंच.

कावळा उडाला. आणि टिटवी त्याला सोडून माझ्याच डोक्यावर आली. अगदी कानाजवळून झेपावत, घसा फुटेस्तोवर, थांबेचना.

"हाव सिस्टर," मी म्हणालो, "चाललो, चाललो." आणि मागे फिरलो.